तुझी बॅग माझ्या गाडीवर

जालना, १९ जानेवारी २०२५

प्रिय हऱ्या,

तुझा फोन बंद लागतो. नवा नंबर तू मला दिलेला नाहीस. हा पत्ता तुझ्या आईकडून आणला, त्यासाठी घनसावंगीला जाऊन आलो. मावशींनी बसवून जेवू घातलं आणि वाढता वाढता विचारलं, "तुला सांगून न्हाई गेला व्हय रे?" मी म्हणालो, सांगून गेला, पत्ता तेवढा लिहून घ्यायचा राहिला. म्हातारीसमोर तुझी लाज राखली.

तू कंपनी सोडलीस ही बातमी मला एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर कळली. टपरीवाला म्हणाला, "तुमचा जोडीदार हैदराबादला गेला की हो. दुसरी बियाण्याची कंपनी धरली म्हनं." मी मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, मलाच तर त्यानं सगळ्यात आधी सांगितलं. आपण दोघं एका दिवशी कामाला लागलो, एकाच साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, जाफराबादकडची शेडनेटं तुडवत फिरलो, आणि हंगाम संपला की त्याच गाड्यांवर बॅगा बांधून देश बघायला निघालो. तुझा ठावठिकाणा मला चहावाल्यानं सांगावा?

फोन लागला असता तरी मी पत्रच लिहिलं असतं म्हणा. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसतं हौ हौ करतो. कागदावर मला मधे कोणी तोडत नाही.

जूनमध्ये स्पितीला जायचं ठरलं होतं. ठरलं होतं का अजून ठरलेलं आहे, तेवढं कळव. मी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलून ठेवले आहेत. शीतल तर लग्न झाल्यापासून म्हणते, हिमालयात दोनशे सीसीच्या गाडीवर जाणारे तुम्ही दोघंच येडे. तिला काय माहीत. मोठ्या गाड्यावाले आपल्याला वाटेत हॉर्न मारत ओलांडून जातात आणि संध्याकाळी पुढच्या गावात मेकॅनिकची वाट बघत बसलेले सापडतात. आपल्या गाडीला वेग नाही, पण ती कुठंही चढते, कुठंही उतरते, आणि पडली तर एका माणसाला उचलता येते. ट्रक ओलांडायचा म्हणजे आधी मनाची तयारी करायची, मग गिअर पाडायचा, हे मात्र खरं. तू पुढं जाऊन हात दाखवायचास आणि मी डोळे झाकून निघायचो.

आता कामाचं. उषाबाईंना काढून टाकलं. तू गेलास त्याच्या आधीच डिसेंबरात गडबड सुरू झाली होती, तुझ्या कानावर असेलच. मिरचीच्या आपल्या त्या संकरित वाणाचं मादी बियाणं, जे शीतगृहात कुलपात असतं आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीकडं नाही, त्याच्या पुड्या कमी भरल्या. तोलून पुड्या बांधायचं काम उषाबाईंचं, म्हणून आळ त्यांच्यावर. साहेबांनी काय केलं माहीत आहे का? ग्रेडिंगच्या सगळ्या बायांसमोर त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. पिशवीतून डबा, कंगवा आणि मिश्रीची डबी पडली. उषाबाईंनी ते एकेक उचललं आणि घरी गेल्या. आता एमआयडीसीतली दुसरी कुठलीच बियाण्याची कंपनी त्यांना दारात उभी करत नाही.

तू साहेबांचा लाडका. त्या बाईच्या टेबलावर बसून रोज चहा पिणारा तूच, तुला ती लेकरू म्हणायची. तिच्या हातून असं होणार नाही, एवढ्या दोन ओळी साहेबांना लिहून पाठव. माझं ते ऐकत नाहीत, पण तुझं ऐकतील.

आणि नंबर पाठव.

तुझा,
गोरख


मुक्काम रायभान काकांचं शेत, धर्माबादच्या अलीकडे
१६ फेब्रुवारी २०२५

हरिओम,

कुठून लिहितोय ते वर वाचलंसच. नोव्हेंबरात आपण गोदावरीच्या काठाकाठानं खाली निघालो होतो, तेव्हा माझी चेन तुटली म्हणून ज्या घरी राहिलो, त्याच घराच्या ओसरीवर बसलो आहे. या खेपेला एकटाच आलो.

का आलो ते सांगतो. रायभान काकांची नात पायल, तिनं मला फोनवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, काका, तुम्ही दिलेल्या मिरचीला फूलच फूल येतंय, मिरची एक येत नाही. फोटो मी दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग परत बघितला. शीतलनं विचारलं काय झालं, तर म्हणालो काही नाही, जरा नांदेडकडं जाऊन येतो.

हमरस्ता सोडून शहागडपासून नदी धरूनच आलो. घनसावंगीच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला होता. पुढं एका ठिकाणी वाळूत गाडी आडवी झाली. तू पुढं नव्हतास, मागंही नव्हतास. एकट्यानं उचलली, किक मारली आणि निघालो. वाटेत सारखं वाटत होतं, असं काही नसावं. रोग असेल, पाणी जास्त झालं असेल. एवढ्यासाठी मी देवाला हात जोडले, हसू नकोस.

काकांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी, हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत, आधी परसात नेलं. "भाऊ, काय देऊन गेल्ता ही मिरची? पाहा बरं. झाड नुसतं फुलून राह्यलं, धरंना काहीच. शेणखत घातलं, ताक शिंपडलं. ह्ये म्हन्ले, दिष्ट लागली." रायभान काका मागून म्हणाले, "आमच्या हातात दोष न्हाई भाऊ. बीच वांझोटं निगालं."

त्यांना गंमत वाटत होती. मला नाही. तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यातून जाणार नाही. एक ताजं फूल तोडलं, बाहेर आलो आणि गाडीच्या काळ्या टाकीवर घासलं. पिवळी पूड पडली नाही. दुसरं घासलं, तिसरं घासलं. परागच नाही. पेरावरचा तो जांभळा डाग, पानाचं ते वळलेलं टोक. जे झाड मी इतकी वर्षं शेडनेटमध्ये ओळीनं बघत आलो, ज्याच्यातली भेसळ उपटायला मला साहेब मुद्दाम बोलवायचे, ते झाड मी ओळखणार नाही का रे? ही आपली मादी आहे, हरिओम. शेजारी दुसऱ्या मिरचीचा पराग मिळाल्याशिवाय तिला फळ धरत नाही. आणि या परसात दुसरं मिरचीचं झाड नाही.

आता तुला प्रश्न पडला असेल, ते बी इथं आलं कसं. मीच दिलं.

आठव. जालन्याहून निघताना तू म्हणालास, माझ्या गाडीचं कॅरिअर वाकलंय, ही एक बॅग तू बांध. मी बांधली. आत काय आहे विचारलंही नाही. वाटेत तूच सांगितलंस, आईच्या परसातल्या गावरान मिरचीचं बी आहे, पलीकडं मेव्हण्याच्या रोपवाटिकेत द्यायचंय. आणि इथं, सकाळी तू नदीवर अंघोळीला गेलास, मी चेन बसवून निघायच्या तयारीत. बियाण्याचा माणूस कुणा कुणब्याच्या घरी जेवून रिकाम्या हातानं उठत नाही. आपल्या लायनीची ही रीत तूच मला शिकवलीस, पहिल्या वर्षी मंठ्याकडच्या एका वस्तीवर, खिशातून वालाचं बी काढून म्हातारीच्या ओंजळीत घातलं होतंस. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. तुझी बॅग उघडली, एक पांढरी पुडी काढली आणि गोपिकाबाईंना दिली. म्हणालो, हरिओमच्या आईच्या हातचं बी आहे, जपून लावा. मिरचीचं बी मिरचीच्या बियासारखंच दिसतं, हातात घेऊन मला काय कळणार होतं? तुला सांगायचं डोक्यातही आलं नाही. मित्राच्या पिशवीतलं मूठभर बी घेताना कोण विचारतं?

मग नदी ओलांडून आपण पलीकडं गेलो. पुलाच्या आधी पोलीस गाड्या अडवून बघत होते, तेव्हा तू पार पुढं निघून गेला होतास. मी थांबलो, त्यांनी बॅग दाबून बघितली आणि सोडलं. पुढं तू हसत उभा होतास. निजामाबादच्या रस्त्यावर तू मला हॉटेलात बसवलंस, बॅग घेऊन गेलास, आणि रिकामी घेऊन आलास. तुझा चेहरा उतरलेला होता. परत जालन्यापर्यंत तू धड बोलला नाहीस. मला वाटलं मेव्हण्याशी भांडण झालं. एक पुडी कमी भरली होती ना? ती कुठं गेली हे तू मला विचारू शकत नव्हतास. विचारलं असतं तर बाकीच्या पुड्यांचं सांगावं लागलं असतं.

तुझा मेव्हणा मंठ्याला मास्तर आहे, रोपवाटिका कुठली! लांबचा दुसरा कोणी असेल असं मीच समजून घेतलं. जानेवारीत तुझ्या घरी जेवलो तेव्हा परसात हात धुतले. तिथं मिरचीचं झाड नव्हतं. तेही डोळ्यांनी बघून सोडून दिलं. शेडनेटमध्ये एक वेगळं रोप मला लांबून दिसतं, आणि तू माझ्या शेजारी गाडी चालवत होतास.

मी ही झाडं उपटणार होतो. गोपिकाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. फुलं बरी दिसतेत." एक फांदी तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली आहे.

मला राग आला आहे. पण मला खरं सांग, बियाणं नेलंस ते नेलंस, माझ्याच गाडीवर का बांधलंस?

गोरखनाथ


जालना, २ मार्च २०२५

हरिओमराव,

पत्राला उत्तर म्हणून तुमचा फोन आला, उपकार झाले. तेव्हा मी मोजकंच बोललो, कारण शीतल शेजारी बसली होती आणि तुझा आवाज बाहेरपर्यंत येत होता. जे बोललास ते इथं लिहून काढतो. आपण काय बोलून गेलो हे तुलाही एकदा वाचायला मिळावं.

तू म्हणालास, "गोरख, अबे ऐक तर. बी हाय ते, सोनं न्हाई. आपुन दोघांनी उन्हात मरून वाण सांभाळला, कंपनीनं काय दिलं? टोपी आन् छत्री." मी म्हणालो, उषाबाईंचं काय? तू म्हणालास, "आत्याचं मी बघतो ना. इकडं लावून देतो तिला, बिलकुल टेन्शन घेऊ नको." जालना सोडून ती बाई हैदराबादला जाऊन तेलुगू बोलत पुड्या बांधेल, असं तुला खरंच वाटतं का? तिला काम नको आहे रे. तिला चोर म्हणायचं थांबवा, एवढंच हवं आहे.

मग तू स्पितीवर आलास. "जूनमधी चाल. समदा खर्चा माह्याकडं. नवीन टायर, जाकीट, जे म्हन्शील ते." मी गप्प राहिलो तर तुला वाटलं मी विरघळलो. मला रडू येत होतं, म्हणून गप्प होतो. त्या डोंगराची स्वप्नं आपण किती वर्षं बघितली. तू ती लाच म्हणून पुढं केलीस.

मी म्हणालो, मी साहेबांना सांगणार. आणि मग तू जे बोललास ते मात्र मला शब्द न् शब्द पाठ आहे. आवाज एकदम खाली आला तुझा. "सांग की. फोटो पाह्य आधी. बॅग कोणाच्या गाडीवर हाय? नंबर कोणाचा दिसून राह्यला?"

फोन ठेवल्यावर मी ते फोटो उघडले. तू काढलेले, तूच मला पाठवलेले. शहागडच्या घाटावर माझी गाडी आणि बॅग. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाहेर माझी गाडी आणि बॅग. बासरला, पुलावर, त्या हॉटेलापुढं. प्रत्येक फोटोत मी हँडल धरून हसतोय, मागं ती हिरवी बॅग बांधलेली आणि नंबर प्लेट स्वच्छ. तुझ्या गाडीचा एक फोटो नाही. किती जणांना मी हे दाखवले असतील! शीतलला म्हणायचो, बघ, पठ्ठ्या स्वतःचा एक फोटो काढत नाही, माझेच काढतो. दिवाणखान्यात एक मोठा करून लावलाय.

ते फोटो तू तेव्हाच या कामासाठी काढलेस का, का आता तुला ते सुचलं? मला हे कधीच कळणार नाही. तू सांगितलंस तरी मी विश्वास ठेवणार नाही. आधीच्या सगळ्या वाटा आठवतो, सातपुड्यात तू मला ताप आला म्हणून रात्रभर जागला होतास, ते आठवतो, आणि तिथंही आता शंका येते. तू चोरी केलीस त्याचा राग उतरेल एक दिवस. पण मागं वळून बघायला तू माझ्यासाठी एक चांगला दिवस ठेवला नाहीस.

शीतलचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणाली, "गप ऱ्हा. ज्यानं केलं तो मजेत हाय, तुमी काहून मधी पडता? नोकरी गेल्यावर कोन विचारणार हाय? उषाबाई येनार का डबा घेऊन?" तिचं चुकीचं नाही. साहेब पहिला संशय माझ्यावर घेणार हे मलाही कळतं. या लायनीत बियाणं पळवल्याचा डाग लागला की कुणी फाटकाच्या आत घेत नाही, आणि मला बियाण्याशिवाय दुसरं काही येत नाही. आमच्या म्हाताऱ्यानं मेंढरं विकून मला शेतीच्या पदविकेला घातलं होतं.

फांदी वाळत आली आहे. तूच साहेबांना फोन करून कबूल हो, हे मी शेवटचं सांगतोय. तुझ्या तोंडून गेलं तर मला तुझं नाव घ्यावं लागणार नाही.

गोरक्षनाथ


जालना, ३० मार्च २०२५, पाडवा

हरिओम,

तू फोन केला नाहीस. मी वाट बघितली आणि मग उषाबाईंच्या घरी गेलो.

त्या हरभरा उपटायच्या कामाला जातात आता, नुकत्याच येऊन हात धूत होत्या. हाताला हरभऱ्याची आंब लागून कातडी निघालेली. मी उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगितलं, बॅगेपासून फुलापर्यंत. त्या ऐकत राहिल्या. तुझं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "हरिओमनं?" परत म्हणाल्या, "आपल्या हरिओमनं?" मग विचारलं, "मी धपाटे बांधून दिल्ते तुमाला रस्त्यात खायला. ते त्याच बॅगंत व्हते का रे?"

मी हो म्हणालो. वरच्या कप्प्यात तुझ्या पुड्या होत्या आणि खालच्या कप्प्यात तिचे धपाटे. त्या बाईनं मान दुसरीकडं केली. तू तिथं असायला हवा होतास. ज्या टेबलावर बसून तिच्या बशीतून चहा प्यायलास, त्याच टेबलावरून तिची पाठ फिरली की पुड्या उचलत होतास, आणि तिला ते तेव्हा दिसलं नाही, कारण ती तुझ्यासाठी साखर आणायला उठत होती. हे तिनंच आठवून सांगितलं, मी नाही.

मी म्हणालो, आत्या, उद्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगतो. त्या एकदम भडकल्या. "केबिनमधी? माही पिशवी केबिनमधी उलटी केल्ती का? बायांसमोर केल्ती. सांगायचं तर तिथं सांग, न्हाई तर मला सांगून काय उपेग? घरी जाऊन झोप."

मी घरी आलो, पण झोप कुठली.

दुसऱ्या दिवशी ग्रेडिंगच्या हॉलमध्ये गेलो. बाया टेबलांवर वाकून बी निवडत होत्या. साहेबांना बोलावलं, ते म्हणाले आत या, मी म्हणालो इथंच. ते म्हणाले मशीन चालू आहे, ऐकू येणार नाही. मी जाऊन मशीन बंद केलं. बायांनी माना वर केल्या.

मी म्हणालो, उषाबाईंनी पुडी घेतलेली नाही. पुड्या हरिओमनं नेल्या. माझ्या गाडीवरून नेल्या. मला माहीत नव्हतं, पण गाडी माझी होती. फडक्यातली फांदी टेबलावर ठेवली. परसातल्या झाडाचे फोटो साहेबांच्या हातात दिले, सहलीचेसुद्धा दिले, सगळेच. तू मला ज्यानं घाबरवलंस ते मीच त्यांच्या पुढ्यात टाकलं.

साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो तू म्हणाला होतास. "म्हणजे बॅग तुमच्या गाडीवर होती?"

"होती."

"आणि आत काय आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

ते हसले. मागं एक बाई म्हणाली, "साहेब, हसू नका. आदी उषाबाईचं बोला." मग दुसरी बोलली, मग सगळ्याच. साहेबांना त्या हॉलमध्ये उभं राहून कबूल करावं लागलं की चूक झाली. आवाज बारीक काढला, पण काढला. उषाबाई परवापासून कामावर आहेत. मिश्रीची डबी टेबलावरच ठेवून बसतात म्हणे, कुणाला काय बघायचं ते बघू द्या म्हणून. मी ते बघितलं नाही, कारण मला फाटकाच्या आत सोडत नाहीत. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही असं सांगितलंय, आणि चौकशी कशी असते ते तुलाही माहीत आहे. शीतल माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आज पोळ्या केल्या आहेत, म्हणजे बोलेल.

कंपनीनं तक्रार दिली. गाडी पोलिसांनी नेली. आज पाडवा, सकाळपासून रस्त्यानं हार घातलेल्या नव्या गाड्या जात आहेत. माझी ठाण्याच्या आवारात, एका जळक्या टेम्पोशेजारी धूळ खात उभी आहे. मी बघायला गेलो तर हवालदार म्हणाले, हात लावू नका. चेन सुकली असेल.

तुलाही बोलावणं येईल. घनसावंगीला मावशींकडं पोलीस जाण्याआधी मी जाऊन आलो. त्यांना सांगितलं. त्यांनी मला घरात घेतलं नाही, दारातूनच म्हणाल्या, "तुमी दोगं भाऊ व्हते ना रे?" याचं उत्तर त्यांना तू दे.

माझा जबाब काल झाला. हवालदार भला माणूस होता, हळूहळू लिहून घेत होता. बॅगेचं लिहिलं, पुलावरच्या तपासणीचं लिहिलं, गोपिकाबाईंचं लिहिलं. मग त्यानं विचारलं, "हा हरिओम तुमचा कोण लागतो? मित्र लिहू का नुसता ओळखीचा? ओळखीचा लिहिलं तर तुमच्यासाठी बरं राहील, बघा."

मी म्हणालो, मित्रच लिहा. ओळखीच्या माणसाची बॅग मी उघडून बघितल्याशिवाय बांधली नसती.

गोरक्षनाथ